पूर्णेच्या घाटावरचा शेंदरी डोंगा

देवमनने दर्यापूर तालुक्यात बोटी चकचकीत करून देण्याचा धंदा काढला, त्या दिवशी गावाला आठवडाभर पुरेल एवढं हसू मिळालं. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. वऱ्हाडात माणूस कापसाचा धंदा करतो, सरकीचा करतो, काहीच जमलं नाही तर पुढारी होतो. पण जिथे नदी वैशाखात घोट्याएवढी होते, तिथे बोटींना पॉलिश?

देवमनची बाजूही ऐकली पाहिजे. मुंबईच्या गोदीत त्याने साहेबलोकांच्या बोटी खरवडल्या होत्या, पितळ घासलं होतं, लाकडावर असं रोगण चढवलं होतं की मडमा त्यात पाहून टोपी नीट करत. साहेब गेले, शेठ आले. शेठना मोटारी आवडल्या. मग देवमन डबे, ब्रश आणि ऐट एवढं सामान घेऊन गावी परतला.

ऐट सासऱ्याला सोसली नाही. सासरे जानराव नदीपलीकडचे, मूर्तिजापूरच्या अंगाचे. काळीभोर जमीन, आणि वारस म्हणून एकटी लेक शकुन. जावयाने घरी येऊन राहावं, एवढाच त्यांचा हट्ट. देवमनला मात्र घरजावई म्हटलं की अंगावर काटा यायचा. घरजावयाला सासरी मान असतो तो बैलाएवढा, आणि बैलाला निदान पोळ्याला तरी ओवाळतात.

"मिरगाच्या आत एखांदं गिऱ्हाईक भेटलं तं तुमचा धंदा खरा, जवाईबुवा," जानरावांनी चारचौघांत बजावलं. "नाई तं मुकाट्यानं माह्या वावरात पेरणीची तिफन धराले या."

देवमन म्हणाला, "मंजूर." शकुनने आतून भांडं आपटलं. ते कोणाच्या बाजूने, हे दोघांनाही कळलं नाही.

मग देवमन गिऱ्हाईक शोधत निघाला. बोटी असतील तिथे जायचं, हे सोपं. पण वऱ्हाडात बोट शोधणं म्हणजे पुण्यात तिखट वरण शोधणं. अकोल्याला चंद्रभान वकिलांकडे एक आहे, असं कळलं. मागच्या पुरात कुठून तरी वाहत आली होती, आणि वकिलांनी कायद्याने ती आपली करून घेतली होती. बोट गोठ्यात होती. तीत म्हशी सरकीची ढेप खात होत्या.

"वकीलसाहेब, रोगण लावतो. आरशासारखी चमकन."

"कावून रे? म्हशीले भांग पाडाचा हाय काय?"

अमरावतीत एका तलावावर एक बोट दिसली. तिचा मालक म्हणाला की ती चमकली तर पोरं चोरून फिरायला नेतील. आहे तशीच बरी, घाणेरडी असल्याने सुरक्षित आहे.

वैशाख सरत आला. शेवटी देवमन आपल्याच गावच्या घाटावर गेला. तिथे नत्थुजीचा डोंगा होता. पावसाळाभर लोकांना पूर्णेपार करणारा हा डोंगा उन्हाळ्यात काठावर पालथा पडलेला असे, आणि त्याच्या सावलीत नत्थुजी.

"नत्थुजी, डोंगा नवा करून देतो. हाताचं काम फुकट. पण कोणी इचारलं तं म्हणजो, देवमनचं गिऱ्हाईक हावो."

"फुकट?" नत्थुजी उठून बसला. "मंग दोन्हीकून कर."

देवमनने जीव ओतला. जुनं डांबर खरवडलं, फटींत कापूस आणि राळ ठोकली, घासून घासून लाकूड रेशमासारखं केलं. मग गोदीतली रीत: रंगाआधी शिशाचं लाल अस्तर, जवसाच्या तेलात कालवलेलं. त्याने लाकडात पाणी शिरत नाही. दोन हात चढवले. डोंगा उन्हात केशरी, तुळतुळीत लखलखला. वर हिरवा रंग द्यायचा, तो अस्तर वाळल्यावर. देवमन समाधानाने घरी गेला.

आता गोदीत कोणी हे सांगत नाही, आणि देवमनच्या डोक्यातही आलं नाही, की शिशाचा लाल म्हणजे आपला शेंदूर. तेलात कालवलेला शेंदूर. आणि दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

सकाळी गोदाबाई पाण्याला आली. काठावर शेंदूर फासलेला, तेलाने चमकणारा, गोल पाठीचा देव बसलेला. तिने घागर ठेवली, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. देवमन हिरवा डबा घेऊन पोचला, तोवर डोंग्यापुढे नारळ फुटले होते आणि रुईच्या माळा पडल्या होत्या.

"मावशी, अवो हा नत्थुजीचा डोंगा हाय. हे शिसं हाय शिसं, अस्तर."

"मंग मारुतीले काय सोनं लावतेत? त्याले बी हेच लावतेत ना, बाप्पा."

देवमनने डब्याचं झाकण उघडलं. "आता वरतून हिरवा मारतो," तो पुटपुटला.

"मारून पाय," गोदाबाई शांतपणे म्हणाली. मागे उभ्या असलेल्या गावाने मान डोलावली.

नत्थुजी आदल्या सांजेला एका लग्नाला गेला होता, तो परत आला तोच संतापलेला. शेंदूर लागलेल्या लाकडावर पाय ठेवायला त्याचा बैलसुद्धा तयार होणार नाही, मग उतारू कसले? त्याने देवमनच्या सात पिढ्यांची चौकशी केली. पण बोलता बोलता त्याचं लक्ष नारळांकडे गेलं, आणि आवाज उतरत गेला. सांजेपर्यंत त्याने आंघोळ करून कपाळाला टिळा लावला होता. वल्ही मारण्यापेक्षा घंटा वाजवणं हलकं, हे त्याला पटायला एक दुपार पुरली.

बातमी पूर्णेच्या पाण्यापेक्षा जोरात वाहिली. वरच्या घाटाचा मोतीराम आला. "देवमनभौ, आमचा डोंगा फुटका हाय. पण बसवाले चालते ना?" खालच्या घाटाचा बुधाजीही आला. दोघांनी फुकट नाही, रोख मजुरी देऊन अस्तर मारून घेतलं. हिरवा रंग कोणीच मागितला नाही.

मृगाला अजून अवकाश होता, आणि देवमनकडे गिऱ्हाइकं होती. मात्र तो ज्या डोंग्याला हात लावी, तो पाण्यातून कायमचा उठून देवळात जाई. गिऱ्हाईक वाढत होतं आणि धंदा आटत होता. असं गणित दिल्लीत जमतं म्हणतात. दर्यापुरात ते देवमनने जमवलं.

मृग बरसला, पूर्णा दुथडी भरली. पलीकडच्या काठावर जानरावांची दमणी, दोन बैलांची हलकी गाडी, येऊन थांबली.

"जवाईबुवा," ते पाण्यावरून ओरडले, "पेरणीले चाला."

"गिऱ्हाईक भेटलं, मामाजी. तीन भेटले."

"मंग डोंगा घेऊन इकडं या. पाहू द्या कसा केला."

"डोंगा नाई."

"तीन रंगवले म्हणता ना?"

"रंगवले. आता ते देव हायत."

जानराव दमणीत उभे राहून, डोळ्यांवर हात धरून घाटाकडे पाहू लागले. तेवढ्यात देवमनच्या मागून शकुन पुढे झाली. "बाबा, तिकूनच हात जोडा अन् परत जा. सांजेले पाणी वाढीन."

जानरावांनी जावयाला एक शिवी दिली, वाऱ्याने ती अर्ध्यावर सोडली. मग डोंग्याकडे पाहून त्यांनी खरंच हात जोडले आणि दमणी वळवली. तिफन त्या वर्षी गड्याने धरली.

पण खरी पंचाईत नत्थुजीची झाली. पलीकडचे भक्त पलीकडेच अडकले. त्यांचे नारळ येईनात. दोन शनिवार कोरडे गेल्यावर तो टिळा लावूनच देवमनच्या दारी आला.

"देवाकडं याले बी डोंगा लागते, भौ. चिंचोलीच्या सुताराकून नवा घेतो. त्याले पाणी लागू नये असं कर. पैसे देतो."

देवमन क्षणात उठून उभा राहिला. पाण्यात जाणारं पहिलं गिऱ्हाईक. "अस्तर मारून वर झकास हिरवा..."

"डांबर," नत्थुजी हात जोडून म्हणाला. "आतून बाहेरून काळंकुट्ट डांबर. लोकाईनं त्याच्यावर चिखलाचा पाय बिनधास्त ठेवला पाहिजे."