डाव्या हाताची बटणं

साळुंखे काका विमान उडवायच्या आधी दर वेळी जॉयस्टिक गोल फिरवून बघायचे आणि मग मान वळवून मागे बघायचे. जणू विमानाची शेपटी खरंच त्यांच्या खोलीत आहे. विमान कॉम्प्युटरच्या गेममधलं होतं. मागे फक्त गोदरेजचं कपाट होतं.

काका मूळचे साताऱ्याचे. वायुसेनेत त्यांनी सगळी नोकरी जमिनीवर राहून विमानं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर इथेच लखनौला, चिनहटला घर घेतलं. आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर. काकी गेल्यापासून दुपारची भाकरी मी वर नेऊन द्यायची. मला लोकांशी बोलायला सुचत नाही. काकांपुढे ती अडचण नव्हती, कारण सगळं तेच बोलायचे.

एका दुपारी ताट ठेवलं तर म्हणाले, "मंदा, इंग्रजी आकडे येतात ना तुला?"

"चौथीपर्यंत शिकलेय, काका. आकडे येतात."

"अच्छा, मग बस. मोठी अक्षरं मी बघतो, बारीक आकडे तू बघ."

डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना पडद्यावरचं बारीक दिसत नव्हतं. त्यांनी बटण दाबलं की पडद्यावर एक आकडा उजळायचा. तो मी सांगायची. मग त्या बटणाला काय काम द्यायचं, ते काका ठरवायचे. "तीन," मी म्हणायची. "तीनला ब्रेक. पुढचं," ते म्हणायचे.

पहिल्यांदा विमान धावपट्टीवर नेलं, ब्रेक दाबला, तर चाकंच पोटात गेली आणि विमान भुईला बसलं. मी घाबरून उभी राहिले. काका हसत सुटले. एकाच बटणाला त्यांनी दोन कामं दिली होती. "एकाच बाईला पोळ्या लाटायला आणि दार उघडायला ठेवलं की असंच व्हायचं," म्हणाले.

नंतर विमान आपोआप डावीकडे वळायला लागलं. काकांनी जॉयस्टिक उघडली, पुसली, पुन्हा जोडली, सेटिंग नव्याने केलं. तरी तेच. ते चिडायचे नाहीत. "बिघाड आपल्याशी खोटं बोलत नाही गं, आपणच नीट बघत नाही." शेवटी एकदा कॉम्प्युटरच्या मागे हात घातला तर आणखी एक वायर निघाली. जुना गेमपॅड जोडलेलाच होता आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली त्याची दांडी एका बाजूला दबली होती. "बघ! एका गाडीत दोन ड्रायव्हर बसलेत!" तो आनंद मी विसरणार नाही.

सगळं जमलं, विमान सरळ उडायला लागलं. तेव्हा काका म्हणाले, "आता सगळी बटणं डाव्या हाताला सोयीची करायची."

"तुम्ही तर उजव्या हाताने खेळता."

"वर्षा डावखुरी आहे. होळीला येतेय."

वर्षाताई त्यांची एकुलती एक मुलगी, इकडेच वाढलेली, हिंदीच बोलणारी, आता पुण्याला बँकेत. तिला वैमानिक व्हायचं होतं. निवडीच्या मुलाखतीचं बोलावणंही आलं होतं. तेव्हा काकांनी तिला मामाकडे साताऱ्याला धाडून दिलं आणि मुलाखत हुकली. का, ते सांगितलं नाही. त्या दुपारी मात्र जॉयस्टिककडे बघत मला म्हणाले, "विमानं मी आतून बघितलीत, मंदा. काय काय तुटतं ते मला माहीत. भ्यालो मी."

होळीला वर्षाताई आली. रंग धुऊन झाल्यावर काकांनी तिला खुर्चीवर बसवलं. "सगळं डाव्या हाताला लावलंय. नुसतं उठव धावपट्टीवरून."

तिने हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला आणि काढून घेतला. "पापा, अब मन नहीं करता."

ती स्वयंपाकघरात आली. मी गुजिया, म्हणजे इकडच्या करंज्या, डब्यात भरत होते. "ये सब मेरे लिए किया?"

"हो. कितीतरी दिवस लागले."

"एक बार पूछ तो लेते. तब भी नहीं पूछा था." ती हळूच बोलली, पण त्या स्वयंपाकघराला दार नव्हतं. बाहेर विमानाचा आवाज बंद झाला.

ती परत गेल्यावर काकांनी कॉम्प्युटर लावलाच नाही. मग एकदा, मी ताट घेऊन गेले तेव्हा, तिला फोन लावला. "वर्षा, तुला माझ्याकडून काही हवंय का? सांग." पलीकडून ती काहीतरी म्हणाली. फोन ठेवून काका म्हणाले, "विचार करून सांगते म्हणाली." त्या दिवशी त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. पुढे रोज म्हणायचे, "सांगेल गं ती. घाई नाही."

तिचं सांगणं येण्याआधी काका झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर वर्षाताई घर आवरत होती. मी भांडी पुसत होते. कॉम्प्युटरपाशी थांबून ती म्हणाली, "मैंने सोच लिया था, मंदा भाभी. उस इतवार को फोन करनेवाली थी. बस इतना पूछना था कि मुझे रोका क्यों."

मला ते माहीत होतं. काकांच्या तोंडून तिने ऐकायला हवं होतं, माझ्या नाही. पण आता सांगायला दुसरं कोणीच नव्हतं.

"भ्याले होते ते," मी म्हणाले. "तुमच्यासाठी. विमानात काय काय तुटतं ते त्यांना माहीत होतं ना."

"बस, इतना ही?" ती म्हणाली, आणि काकांच्या खुर्चीत बसून रडायला लागली.