कपाटाच्या दारावरची लेबलं

आमच्या रंगाच्या कारखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना आम्ही 'पिंपबाई' म्हणायचो. आधीचे डॉक्टर खुर्ची सोडत नसत. या पहिल्याच आठवड्यात गोदामात येऊन पिंपांवर वाकल्या.

"यात काय असतं?"

"आता लाल पूड. पूर्वी पिवळी असायची."

"पिवळी म्हणजे काय? कावीळ?"

आम्ही हसलो. पण त्या पुडीचं खरं नाव आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी आणि माझा मेव्हणा, दोघांनी अकरा वर्षं ती पिवळी पूड फावड्याने टाकीत ओतली होती. ती बंद होऊनही पंधरा वर्षं झाली होती.

पुढे मेव्हण्याला लघवीतून रक्त गेलं. एकदाच. दुखलं नाही म्हणून तो गप्प बसणार होता. मी दंडाला धरून त्याला बाईंकडे नेलं.

बाई म्हणाल्या, "पुडीचं खरं नाव हवं. नाव लिहून दिलं तर मोठ्या दवाखान्यात आत दुर्बीण घालून बघतील. नाहीतर चार गोळ्या देऊन घरी पाठवतील. कॅन्सर असला तर तोवर वाढेल."

ऑफिसच्या जुन्या वहीत नुसतं 'रंग, चार नंबर'. पूड पुरवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. पिंपांवरची लेबलं तर आम्हीच खरवडलेली. रिकाम्या पिंपात तयार माल भरायचा, म्हणून जुनं लेबल काढायचं. त्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. एक कोपरा राहिला तरी मी पुन्हा करायला लावायचो.

"भाऊजी," मेव्हणा म्हणाला, "थोडा आळस केला असतात तर बरं झालं असतं."

तेव्हा मला कारखान्यातलं माझं कपडे ठेवायचं कपाट आठवलं. दाराला गंजून भोकं पडली होती. त्यांवर मी पिंपांवरून अखंड निघालेली लेबलंच चिकटवत आलो होतो. कागद जाड, शिवाय फुकट.

दार बिजागरीतून काढून बाईंच्या टेबलावर आडवं टाकलं. किटलीच्या वाफेवर त्यांनी एकेक थर सोडवला. लाल, निळी, पुन्हा लाल. सगळ्यांत खाली पिवळी. नाव पूर्ण, तारीखही.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "हे मला पहिल्याच दिवशी हवं होतं," म्हणाल्या, आणि तिथेच चिठ्ठी लिहायला बसल्या.

दुर्बिणीत मसुराएवढी गाठ दिसली. कॅन्सरचीच, पण मूत्राशयाच्या भिंतीत खोल शिरलेली नव्हती. ती काढली. बाईंनी पिवळी हाताळलेल्या आम्हा एकोणीस जणांची यादी केली आणि दर वर्षी तपासणी लावली. बाकीचे अठरा स्वच्छ निघालो.

मेव्हण्याचा तीन वर्षांनंतरचा अहवालही स्वच्छ आला. बाईंनी तो वाचून दाखवला तेव्हा मी बाकावर टेकलो.

"आता उठा भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "आजारी मी होतो."

बाईंच्या खोलीत ते दार अजून भिंतीला टेकून उभं आहे. नवी पूड आली की तिचं लेबल त्यावर चिकटवल्याशिवाय आता कुणी पिंप उघडत नाही.