डिक्कीची चावी

संघपाल तायडेचं डोकं हल्ली शाळेची घंटा व्हायच्या आतच फिरायचं. तेल्हाऱ्यापासून आत, पक्की सडक संपते तिथल्या सरकारी शाळेत तो दुसरी-तिसरीला शिकवायचा. शिकवायचा म्हणजे काय, तर फोटो काढायचा. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. खिचडी शिजली त्याचा एक, खाल्ली त्याचा निराळा. वाचनाचा तास आला की पोट्टे पुस्तक हनुवटीला टेकवून ओळीनं बसायचे, बोट ओळीवर, दात बाहेर. फोटो निघाला की पुस्तकं दप्तरात. झाला तास.

बरं, दोष द्यायचा कोणाले? ही रीत त्यानंच पाडली होती. नवानवा नोकरीला लागला तेव्हा अंगात भलताच उत्साह. एकदा पोरांनी सरकीचे दाणे मांडून फरशीवर आपापली नावं लिहिली. ती त्याला इतकी देखणी वाटली, की त्यानं फोटो काढून शाळांच्या ग्रुपवर टाकला. आजूबाजूच्या सगळ्या शाळा ज्यांच्या हाताखाली, ते केंद्रप्रमुख गोवर्धन साहेब असे खुश झाले म्हणता! त्यांनी फर्मान काढलं, आता प्रत्येक शाळेनं प्रत्येक तासाचा फोटो टाकायचा. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? तेव्हापासून तेल्हाऱ्याच्या चहाच्या टपरीवर बाकीचे मास्तर त्याला पाहिलं की कप घेऊन तोंड फिरवायचे. त्यांचंही बरोबरच होतं.

त्याला खरा चटका बसला तो उलट्या पुस्तकानं. दिवाळीनंतरची गोष्ट. घाईघाईत काढलेल्या फोटोत पुढच्या रांगेतल्या पोरीनं पुस्तक उलटं धरलं होतं. ग्रुपवर टाकल्यावर त्याच्या लक्षात आलं. घाम फुटला बिचाऱ्याला. आता साहेब फाडून खातील म्हणून तो वाट पाहत बसला, तर धडाधड अंगठे आले. साहेबांनी तर टाळ्या पाठवल्या. कोणीच पाहिलं नव्हतं. म्हणजे एवढी वर्षं आपण जे पाठवून राहिलो ते कोणी पाहतच नाही, आणि ज्याच्यासाठी पाठवतो ते तर होतच नाही. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं वरून एक प्रशिक्षण आलं. अकोल्याला, हॉलमध्ये, विषय काय तर शिक्षकाचा आनंद. पुण्याहून आलेल्या बाईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, आपण या कामात का आहोत असं मनापासून वाटलेला अलीकडचा एक क्षण आठवा. प्रश्न वाईट नव्हता. पण संघपालच्या मिटल्या डोळ्यांपुढे उलटं पुस्तकच येऊन बसलं. दुसरं काही येईना. शेजारचे मास्तर घोरत होते, त्यांचा त्याला हेवा वाटला. शेवटी बाईंनी सगळ्यांना उभं केलं आणि हसा म्हटलं. ग्रुप फोटो होता.

घरी आल्यावर त्यानं दीक्षासमोर, म्हणजे बायकोसमोर, सगळ्या शिक्षण खात्याचा उद्धार केला. ती भाकरी थापत ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तुमाले काय नको ते समजलं. पाहिजे काय, ते सांगा ना."

त्याला खात्यापेक्षा या प्रश्नाचाच जास्त राग आला.

अशात गोवर्धन साहेबांचा निरोप आला. तालुक्याच्या ऑफिसात संगणक येणारा माणूस हवा होता. पंखा, खुर्ची, पोरांची कटकट नाही. शाळा मात्र कायमची सोडावी लागणार. सोमवारपर्यंत हो-नाही कळव. संघपालनं मनातल्या मनात हो म्हणून टाकलं. वर्गात राहून तरी काय दिवे लावतो आपण, असं त्याचं चाललं होतं.

आता प्रणालीचं सांगतो. उलटं पुस्तक धरणारी ती हीच. तिसरीत होती. घरी म्हणे कोंबड्यांशी भांडते, पण वर्गात वाच म्हटलं की तोंडाला कुलूप. फोटोत मात्र पहिला नंबर तिचा. मोबाईल खिशातून निघाला, की ही पोट्टी नीट होऊन बसलीच समजा. संघपालनं तिला अक्षरं दाखवली, शेजारी बसवून घेतलं, समजावलं, एकदा ओरडलाही. मग नाद सोडला.

त्या शनिवारी पोरं सुटायच्या घाईत होती. प्रणालीचं दप्तर बियाण्याच्या पिशवीचं, तिच्या आईनं शिवलेलं. ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि छापलेल्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवत होती. ओठ हलत होते. संघपाल दाराशी उभा होता, तो तसाच राहिला.

"हे... बि-या-णे... खा-ण्या-सा-ठी..."

बाप्पा! वाचत होती पोट्टी. कोणी सांगितलं नाही, विचारलं नाही, आपल्या मनानं वाचत होती. हाच तो क्षण, ज्याला तो अकोल्याच्या हॉलमध्ये डोळे मिटून धुंडाळत होता. आणि या शहाण्यानं काय करावं? याचा हात खिशात गेला. "थांब, थांब, पुन्हा वाच," म्हणत यानं मोबाईल धरला.

प्रणालीनं वर पाहिलं. पिशवी उचलून हनुवटीला लावली, बोट कुठल्यातरी अक्षरावर ठेवलं आणि दात दाखवून गोड हसली.

फोटो त्यानं काढला नाही. मोबाईल खाली घेतला, वाच बाळा, म्हणाला, दोनदा म्हणाला. पण तिचं काम झालं होतं. ती पिशवी पाठीला मारून पळाली. संघपालला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. दोष साहेबांचा नव्हता, ग्रुपचा नव्हता. हात त्याचाच होता.

सोमवारी साहेबांचा फोन आला, तेव्हा त्यानं येत नाही म्हणून सांगितलं.

"काहून?" साहेब उखडले. "ऑफिस काय वाईट हाय?"

"एका पोरीचं वाक्य अर्धं राहिलं हाय, साहेब."

साहेबांना वाटलं, याचं डोकं फिरलं. तसं म्हणाले पण. वर, आजचा फोटो अजून आला नाही याची आठवण करून दिली.

संघपालनं मोबाईल स्कूटरच्या डिक्कीत टाकला आणि वर्गात गेला. काही झालं नाही. आठवडाभर काहीच झालं नाही. ग्रुपवर साहेबांनी त्याच्या नावानं शिमगा केला, खुलासा मागवला, आणि प्रणाली तोंड मिटून बसली ती बसलीच. घरी तो दीक्षाला म्हणाला, मी उगाच शहाणपणा केला.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत प्रणाली त्याच्या टेबलाजवळ आली. त्याच्या शर्टाच्या खिशाकडे टक लावून पाहिलं. "मोबाईल कुठी हाय?" तिनं विचारलं.

"डिक्कीत."

"चावी द्या."

त्यानं चावी दिली. ती तिनं मुठीत घट्ट धरली, पाठीवरची पिशवी काढून टेबलावर पसरली आणि त्या शनिवारी वाचताना थांबली होती तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं. "वा-प-रू... न-ये." मग हसली नाही, कपाळाला आठी घालून त्याच्याकडे पाहत राहिली.

"काहून, सर? खाल्लं तं काय होते?"

बाहेर डिक्कीत मोबाईल वाजत होता. संघपालनं दुसरी खुर्ची ओढली आणि तिला बस म्हणाला.