दोन कोपऱ्यांचा कागद

गरम पाण्याच्या टबात सहा बरण्या बुडवून थोरली त्यांच्यावरची लेबलं खरवडत बसली होती. तीन झाल्या होत्या, तीन राहिल्या होत्या. चौथीचं लेबल काही केल्या निघेना. नखानं झालं, सुरीच्या पाठीनं झालं, घासणीनंही झालं. ज्यानं हे चिकटवलं त्याला आमच्या साहेबांनी एक दिवसही कामावर ठेवलं नसतं, असं तिच्या मनात आलं आणि हात थांबले.

साहेबांचा नियमच तसा होता. कागद दोनच कोपऱ्यांना चिकटवायचा.

थोरली गाड्यांच्या शोरूममध्ये बावीस वर्षं कारकून. प्रत्येक गाडीच्या काचेवर कंपनीनं छापलेल्या किमतीचा कागद येतोच. पण उंच बैठकीची, सरकत्या दाराची ती नवी गाडी निघाली आणि लोकांच्या उड्या पडल्या. महिन्याला गाड्या दोन, यादीत नावं चाळीस. तेव्हा साहेबांनी शेजारी दुसरा कागद सुरू केला. वर ‘विशेष उपलब्धता शुल्क’, खाली आकडा. टाइप करायची थोरली आणि चिकटवायचीही थोरलीच.

“चारही कोपरे कशाला?” साहेबांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. “जो भांडेल त्याच्यासमोर ओढून काढायचा. तोही खूश. जो मुकाट्यानं वाचेल त्याच्याकडून घ्यायचा.”

थोरली देवाचं नाव घेतल्याशिवाय चहालाही हात न लावणारी. तिला हे पटलं नाही. पण एका विक्रेत्यानं ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या कानात सांगितली, तर महिन्याच्या आत त्याची खुर्ची रिकामी झाली होती. थोरलीच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती कागद चिकटवत राहिली.

आणि मग यादीत धाकट्या बहिणीचा नंबर लागला.

आई लवकर गेली, म्हणून धाकटीला थोरलीनंच वाढवलं. वेणी घातली, पाढे म्हणवून घेतले, हात धरून बाजारात नेलं. बाजारात शिकवण एकच. घासाघीस करायची नाही. परवडत असेल तर घ्यायचं, नसेल तर गुपचूप घरी यायचं. धाकटी ते जन्मात विसरली नाही.

तिच्या नवऱ्याचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. साध्या गाडीत वाकून बसणं त्याला जमेना, म्हणून वर्षभर घराबाहेर पडला नव्हता. त्या दिवशी कसाबसा शोरूमपर्यंत आला, उंच बैठकीवर अलगद बसला आणि हसून म्हणाला, “मी आता उतरत नाही बुवा. घरीच पाठवा मला ह्या गाडीसकट!”

धाकटीनं दोन्ही कागद नीट वाचले. मग शाळेतल्या मुलीसारखं वळून विचारलं, “ताई, हे दुसरंही द्यायचंच असतं ना?”

साहेब तिथेच कप हातात घेऊन उभे होते. एक ‘नाही’ म्हटलं असतं तर भागलं असतं. थोरलीनं त्या कपाकडे पाहिलं. ती म्हणाली, “लिहिलंय तेवढं असतं गं.”

“घरच्यांनाही सवलत नाही!” धाकटी गेल्यावर साहेबांनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली. “याला म्हणतात इमान.”

त्याच दुपारी एका दणकट गृहस्थानं टेबलावर मूठ आपटली. “हा कागद कुणी चिकटवला? छापलेल्या किमतीवर एक पैसा देणार नाही मी!” साहेबांनी डोळ्यांनी खूण केली. थोरलीनं दोन बोटांनी कागद ओढला. हू की चू न करता तो हातात आला.

धाकटीनं दोन्ही कानांची श्रवणयंत्रं घ्यायची ठरवली होती, त्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते. ते त्या कागदात गेले. “मला काय, तुम्ही सगळे जरा मोठ्यानं बोला म्हणजे झालं,” ती म्हणाली होती.

तेव्हापासून थोरली प्रार्थना लवकर उरकते. डोळे मिटून फार वेळ बसलं की तो प्रश्न पुन्हा ऐकू येतो.

फोन वाजला. ओल्या हातानंच तिनं उचलला.

“ताई, आम्ही तळ्यापर्यंत जाऊन आलो गं! वर्षानं बाहेरचं पाणी पाहिलं ह्यांनी. तुझ्यामुळे गाडी मिळाली.”

“अगं, ऐक. तो दुसरा कागद... तो काढता आला असता.”

“काय आणता आलं असतं? मोठ्यानं बोल, ताई!”

“तो कागद! काचेवरचा! भांडली असतीस तर...” थोरलीचा आवाज चढला तशी समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. थोरलीनं तिकडे पाठ केली. जे हळू आवाजात सांगायला तिला इतके दिवस जमलं नव्हतं, ते आता ओरडून कसं सांगणार?

“भांडलं कोण? कुणाशी?” पलीकडे धाकटी घाबरली. “साहेब काही बोलले का तुला? सोडून दे ती नोकरी, माझ्याकडे ये राहायला!”

थोरलीनं टबातल्या बरण्यांकडे पाहिलं. मग ती एवढंच मोठ्यानं म्हणाली, “येते मी.”

“कधी?”

“आत्ता!”

तिनं हात पुसले. बरण्या तशाच पाण्यात राहिल्या. गाडी दिली त्या दिवशी काचेवरून काढलेला धाकटीचा कागद तिनं फेकला नव्हता. कपाटातून काढून तो पर्समध्ये ठेवला. पर्सच्या तोंडाशी नोकरीवरच्या ओळखपत्राची पट्टी लोंबत होती, ती आत सारून चेन लावली. आता बसनं धाकटीकडे जायचं, तिच्या उजव्या कानाशी बसायचं, त्या कानानं तिला अजून थोडं ऐकू येतं, आणि सांगायचं.