खांबावरचा जोड

साड्यांचं ते दुकान म्हणजे मूळचा दुमजली वाडा. मधला चौक वरून काचेने झाकलेला, ओसरीवर गाद्या अंथरलेल्या, आणि भिंतीतल्या जुन्या देवळीत आता कार्ड घासायचं मशीन. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक जुनी इमारत मोजून नकाशा काढायचा होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कुणाला किती विचारावं, हे मला अजून नीट कळत नाही. त्यामुळे ओसरीचं छत पीओपीने बंद दिसलं, तरी ते उघडून दाखवा असं दुकानाच्या मालकांना मी म्हणालेच नाही. वरचा मजला पेलणारी आतली लाकडी तुळई एकच असेल असं धरलं, लांब रेघ ओढली आणि शेजारी चांगल्या अक्षरात लिहिलं : सलग तुळई, अठ्ठावीस फूट.

मालकांना मी काकाच म्हणायचे. त्यांनी नकाशाची प्रत मागून घेतली, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "तुझा नकाशा कामाला आला बघ. मिस्त्री म्हणतो, तुळई सलग आहे तर ओसरीतला मधला खांब काढता येईल. गिऱ्हाइकांना आडवा येतो तो. उद्या दहाला कापतोय."

संध्याकाळी मी हे वडिलांना फोनवर कौतुकाने सांगितलं. ते घोटीजवळ भातशेती करतात. आमचं घर त्यांनी स्वतः उभं केलंय.

"अठ्ठावीस फूट? एकच लाकूड?"

"हो."

"मग त्या बोळातून वळवलं कसं? तूच म्हणाली ना, तिथं रिक्षा वळत नाय."

मी बोळाची रुंदी आठवू लागले.

"जोड असंल. आन् जोड खांबाच्या डोक्यावरच देत्यात. तू बघितलं का?"

काकांना तीनदा फोन केला. उचलला नाही. सकाळी लावला तर बंद. बस द्वारका चौकात अडकली, तशी उतरून चालत सुटले. त्या ओसरीच्या वरच माळा आहे, साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला, एवढंच डोक्यात होतं.

पोचले तेव्हा खांबावर खडूची रेघ होती आणि मिस्त्रींच्या हातात कटर. पलीकडे दोन बायका साड्यांच्या घड्या घालत होत्या.

"या मॅडम," मिस्त्री म्हणाले, "फोटो काढायला आलात?"

मी खांबावर हात ठेवला. "तुळई सलग नसेल. मी पाहिली नव्हती."

"पाहिली नव्हती म्हणजे?" काका गादीवरून उठले.

"छत बंद होतं. उघडा म्हणायचा संकोच वाटला. अंदाजाने लिहिलं."

"घ्या शेठ! कॉलेजात हेच शिकवतात," मिस्त्री हसले. पण कटर खाली ठेवून शिडीवर चढले आणि खांबापाशी पीओपीचा एक चौकोन फोडला. टॉर्च आत धरून त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं.

"बायांनो, जरा चौकात व्हा," ते म्हणाले. मग खाली उतरून हळू आवाजात, "शेठ, दोन तुकडे आहेत. दोन्ही याच खांबावर टेकलेत."

काकांनी गल्ल्याखालून नकाशा काढून माझ्यापुढे पसरला. "यातलं अजून काय काय न बघता लिहिलंयस?"

हाच नकाशा मी कालच कॉलेजात मार्कांसाठी दिला होता.

"जिन्याखालची भिंत," मी म्हणाले. "आणि मागचं छप्पर."

त्यांनी पेन पुढे केलं. मी आधी 'सलग' खोडलं, मग ती दोन्ही. काकांनी शिडीचं एक टोक उचललं, जिन्याकडे मान केली आणि दुसरं मी धरेपर्यंत थांबले.