कुवाबाराचा ग्लोव्ह वाजला नाही

कुवाबाराला स्वस्थ बसता येत नसे. जेवताना मिसो सूपचा वाडगा उजव्या हातात, आणि डावं मनगट टेबलाखाली फिरतंच: अंगठा खाली, मग तळवा खालून वर. अठरा वर्षं तो मियाझाकीच्या शिबिरात आमच्या बेसबॉल संघाच्या पिचरांनी टाकलेले चेंडू झेलत होता. सामन्यात एकदाही नाही, फक्त सरावात. रोज सकाळी कुणालातरी समोर बसवून नुसत्या हातानं तीस चेंडू झेलायचे. झेलताना हात मागे गेला की स्वतःलाच शिव्या.

कारण ग्लोव्ह वाजला पाहिजे. चेंडू नेमक्या जागी बसला की ‘फाट्’ होतं आणि पिचरची छाती फुगते. मॅनेजर हायामीसान तर पाठ करून उभे राहायचे आणि आवाजावर पिचर निवडायचे.

त्या गुरुवारी पिचर ओनोदेराची निवड चाचणी होती. वय बावीस, कोपराचं ऑपरेशन गेल्याच वर्षीचं. तीन दिवस कुवाबाराला दिसत होतं, चेंडू शेवटी वीतभर खाली पडतोय, आणि टाकल्यावर ओनोदेरा बोटं झटकतोय. कोपर पुन्हा गेलं तर खेळ संपला. त्यानं ओनोदेराला विचारून पाहिलं, तर म्हणे थंडीमुळे होतंय.

“तुम्ही फक्त वाजवा, कुवाबारासान. बाकी माझ्याकडे लागलं.”

पहिले पाच वाजले. हायामीसान पाठमोरे मान डोलवत होते. सहाव्यानंतर ओनोदेरानं पुन्हा बोटं झटकली. कुवाबारानं ग्लोव्ह दोन बोटं सरकवला. सवयीचा हात ऐकत नव्हता, तरी सरकवला. चेंडू तळव्याच्या हाडावर बसला. भद्. पुढचाही तसाच.

“कुवाबारा, ग्लोव्ह फाटला की काय?”

“ग्लोव्ह ठणठणीत आहे.”

“मग झोप लागलीय का तुला?”

“एकदा वळून बघा, हायामीसान.”

असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते वळले. ओनोदेरानं चेंडू टाकला, आणि हात आपसूक झटकला गेला.

“बास,” हायामीसान म्हणाले. “डॉक्टरांकडे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कुवाबाराचा तळवा पुरीसारखा फुगला होता, तरी तो चेंडूंची बादली घेऊन येरझाऱ्या घालत होता. ओनोदेरा आला, कोपराला पट्टी बांधलेली. समोर स्टुलावर बसला.

“माझं वर्ष गेलं.”

“हो.”

“तुम्हाला शिव्या घालाव्याशा वाटतायत.”

“घाल की.”

ओनोदेरानं डाव्या हातानं बादलीतला चेंडू उचलून टाकला. वेडावाकडा, पार गुडघ्यापाशी. कुवाबारानं तो सुजल्या हातानं खालून उचलला. हात मागे गेला नाही.

“अजून एकोणतीस,” तो म्हणाला.