दमले म्हणजे दम्मु नव्हे

आमच्या घरात आजारी पडायची चोरी होती. कुणाला साधी खोकल्याची ढास लागली तरी वहिनी हातातलं काम टाकून जवळ येऊन बसायची. कधीपासून येतो? पहाटे जास्त की संध्याकाळी? जिन्यावर वाढतो का? आम्हाला वाटायचं, केवढी माया! माया होतीच, पण महिन्याभरात तोच खोकला तिच्या परीक्षेच्या पेपरात पाच मार्कांना यायचा.

माझी वहिनी कुसुमावती नाडगीर हुबळीच्या लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बाजूला एका खासगी नर्सिंग शाळेत शिकवायची. शरीराची रचना, त्याचं काम, आणि रोग्याशी बोलायचं कसं, हे तिचे विषय. मुली कुंदगोळ, कलघटगी, नवलगुंदकडच्या. शाळा कानडीत झालेली आणि परीक्षा इंग्रजीत, त्यामुळे बिचाऱ्या पानंच्या पानं पाठ करायच्या. वहिनीला त्या घोकंपट्टीचा भारी राग. ती म्हणायची, "पुस्तकातला रोगी शहाणा असतो. त्याला एकच रोग असतो आणि तो शुद्ध इंग्रजीत कण्हतो. आमच्या मुलींना भेटणारा रोगी तसा नसतो की."

म्हणून ती प्रश्नात खरी माणसं घालायची. नाव नाही, गाव नाही, वय थोडं इकडेतिकडे, पण माणूस खरा. सगळा प्रश्न इंग्रजीत आणि रोग्याचं बोलणं मात्र त्याच्याच भाषेत, अवतरणात, तसंच्या तसं. माझा भाऊ प्रभंजन, आमचा अण्णा, वकील. त्याचा पायाचा अंगठा सुजला, तर 'चादर लागली तरी जीव जातो' म्हणणारा एक वकील दुसऱ्याच आठवड्यात पेपरात. माझ्या पित्ताशयात खडे निघाले तेव्हा 'चाळिशीची, गोरी, जाड स्त्री' असा प्रश्न आला. मी भांडले. गोरी मी जन्मात कधी नव्हते. वहिनी म्हणाली, "मग उरलेलं दोन्ही खरं आहे ना, अंबूताई?" पुढं घरात रिवाजच पडला. कुणी कण्हलं की दुसऱ्यानं विचारायचं, "कितवा प्रश्न?"

मी टेलिफोन खात्यात होते. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांची भांडणं जोडून द्यायची, हे माझं काम. लग्न केलं नाही, त्यामुळं मुक्काम कायम भावाकडे. वहिनीला मूलबाळ झालं नाही. जुन्या हुबळीतलं आमचं घर माडीवर, खाली कमल नावाची शिवणकाम करणारी बाई भाड्यानं राहायची. वहिनीचे कच्चे पेपर पहिल्यांदा वाचायचा मान माझा होता. मला त्यातलं शास्त्र कळायचं नाही, पण माणूस कोण ते मी बरोबर ओळखायचे.

चौऱ्याण्णव साली तिनं कमलला प्रश्नात घातलं. शिवणयंत्रावर बसणारी बाई, डोळ्यांच्या आत पांढुरकं, नखं चमच्यासारखी खोलगट, माती खावीशी वाटते, आणि तिचं वाक्य अवतरणात: 'काही न करताच दमले.' उत्तर होतं, रक्त कमी. पण वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलींनी लिहिलं दमा. कानडीत दम्याला दम्मु म्हणतात. दमले म्हणजे दम्मु आला, असा त्यांनी सरळ हिशेब केला. दुसऱ्या दिवशी गोदावरी नावाची कुंदगोळकडची एक उंच मुलगी वर्गात उभी राहून वाद घालायला लागली, "मिस, दमले अंद्र दम्मु अल्लेन री?" म्हणजे, दमले हा दमाच नव्हे का हो?

वहिनी घरी येऊन हसून हसून सांगत होती. तिनं त्या मुलीला समजावलं होतं, दमले म्हणजे थकले. धाप लागली तर आम्ही 'दम लागला' म्हणतो, आणि हे दोन्ही वेगळं. तरी तिनं गोदावरीला निदानाच्या एका मार्कातला अर्धा दिला होता. का, तर बाकीच्यांनी पुस्तक आठवलं, या पोरीनं रोग्याचा शब्द ऐकला. "स्वतःच्या भाषेत ऐकला, एवढंच चुकलं. पण ऐकला!"

ती गोष्ट सांगायलाच नको होती. वहिनीचं घरी येणं ठरलेलं असायचं. जिना चढून आली की खुर्चीत बसायची, पिशवी पायाशी सोडायची आणि म्हणायची, "दमले ग बाई." त्या दिवसापासून अण्णानं सुरू केलं, "बंत नोड दम्मु!" आला बघ दमा! पहिल्यांदा तीही हसली. मग ते रोजचं झालं. ती दमले म्हणणार, अण्णा दम्मु म्हणणार, आणि मग ती उठून कुकर लावणार. वर्षं गेली. रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात ना, तसं त्या शब्दाचं झालं.

आणि ती दमायची यात नवल काय? सकाळी शाळा, दुपारी मुलींना घेऊन दवाखान्यातल्या वॉर्डात उभं राहणं, संध्याकाळी घरी वह्या. शाळेला दुसरी मास्तरीण मिळायची नाही; मिळाली तर टिकायची नाही. मुलींची संख्या दरवर्षी वाढायची आणि वहिनी एकच. मी म्हणायचे, सोड की ती नोकरी. ती म्हणायची, सोडून काय करू, दिवसभर तुझं तोंड बघू? मला राग यायचा, पण बोलण्यात ती कधी हार जायची नाही.

एक मात्र तिचं नवीन सुरू झालं होतं. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती थांबायची आणि पिशवीत किल्ली शोधायची. रोज. दार आतून उघडं असलं तरी. मी वरून ओरडायचे, "वैनी, ती पिशवी आहे की अडगळीची खोली?" ती खालूनच हात हलवायची.

मुलींना तिचा एक धडा पाठच होता. रोग्याला 'दम लागतो का' असं विचारू नका. माणसं नाही म्हणतात. कुणाला अपमान वाटतो, कुणाला सवय झालेली असते. त्यापेक्षा विचारा, "एष्ट दिंबु इट्कोंड मलगतीरी?" किती उशा घेऊन झोपता? हृदय थकलं की माणसाला आडवं झोपवत नाही. तो कुणाला न सांगता एक उशी वाढवतो, मग आणखी एक. माणूस लपवतो, पण उशा सांगतात. हे आमच्या घरातसुद्धा सगळ्यांना ठाऊक होतं, इतक्या वेळा ऐकलेलं.

दोन हजार तीनचा मार्च. सहामाहीचा की वार्षिकचा ते आठवत नाही, पण पेपर होता. मी जेवणाच्या टेबलावर तो वाचत होते. अण्णा समोर कुठलीशी केस चाळत होता, आणि वहिनी आत तिच्या खोलीत पडली होती. शेवटचा प्रश्न एका शिक्षिकेवर होता. वय एक्कावन्न. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते. रात्री कोरडा खोकला येतो, उठून बसल्यावर बरं वाटतं. जिना चढताना मधेच थांबते आणि पिशवीत किल्ली शोधल्याचं सोंग करते. त्यापुढं अवतरणात एकच शब्द: 'दमले.' आणि खाली: घरचे म्हणतात, काम फार होतं. तुम्ही तिला आणखी कोणता प्रश्न विचाराल?

किल्लीचं ते वाक्य मी परत वाचलं. मी उठले, तिच्या खोलीत गेले. ती भिंतीला टेकून, बसल्यासारखी पडली होती. पाठीशी तीन उशा, त्यातली एक माझीच, जुनी, जी हिवाळ्यात वाचताना टेकायला म्हणून तिनं मागून नेली होती. मला काय झालं कोण जाणे, मी त्या तिन्ही उशा तिच्या पाठीमागून ओढल्या आणि नेऊन अण्णाच्या पुढ्यात कागदांवर टाकल्या.

"हे काय करायलीस?" अण्णा म्हणाला. मागोमाग वहिनी दाराला धरून उभी राहिली. तेवढं चालूनही ती धापत होती. अण्णा सवयीनं म्हणाला, "बंत नोड..." आणि तिथंच थांबला.

मी खूप बोलले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सगळ्या जिल्ह्याच्या उशा मोजल्यास आणि स्वतःच्या लपवल्यास? घरात सांगायला तोंड नव्हतं तुला, पेपर काढावा लागला? ती खुर्चीत बसली, श्वास जागेवर येऊ दिला. मग म्हणाली, "सांगत होते की रोज."

अण्णानं कागदांवरच्या उशा उचलल्या आणि तिच्या पाठीशी लावल्या.

मग तिनंच हळूहळू सगळं सांगितलं. गेल्या वर्षी वर्गात हृदयाचे ठोके शिकवताना तिनं नळी स्वतःच्याच छातीला लावून मुलींना ऐकायला दिली होती. लब-डब ऐकू येतं का? एका मुलीनं सांगितलं, मिस, मधे घरघर होते. वहिनी म्हणाली, नळी जुनी आहे. घरी येऊन नवीन नळीनं ऐकलं तर घरघर तशीच. लहानपणच्या त्या तापानं हृदयाची एक झडप आखडत गेली होती. ती उघडायला हवी तेवढी उघडत नव्हती आणि रक्त मागे फुप्फुसांत तुंबत होतं. "मला नाव माहीत आहे, पुढचं पानही माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या आईचं तेच झालं. म्हणून भ्याले. आणि कधीकधी वाटायचं, तुम्ही म्हणता तेच खरं असेल, नुसतं काम जास्त होत असेल. इतकी वर्षं तोच शब्द म्हटल्यावर माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. म्हटलं, मुलींना विचारू. चाळीसजणींतली एक तरी म्हणेल, हिला आजच्या आज डॉक्टरकडे न्या."

"मी म्हणतेय की," मी ओरडले. "उठ!"

ती काही त्या दिवशी उठली नाही. परीक्षा होऊ दे म्हणाली. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा वकिलासारखं बोलला नाही. मुद्दा नाही, दाखला नाही. एवढंच म्हणाला, "कुसुम, मला भीती वाटायलीय." सकाळी ती आमच्याबरोबर निघाली.

हृदयाच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या खोलीत एक उंच नर्स नावं लिहून घेत होती. मान वर करून तिनं पाहिलं आणि उठून उभी राहिली. गोदावरी. केसांत एकदोन पांढरे आले होते. ती वाकून पाया पडली, वहिनीला खुर्ची दिली आणि मग तिच्या तोंडून जो प्रश्न यायचा तोच आला, "एष्ट दिंबु इट्कोंड मलगतीरी, मिस?"

"ओंद," वहिनी म्हणाली. एक.

इतकं सगळं झाल्यावरही! मी मागून म्हणाले, "मूरु!" तीन!

गोदावरीनं लिहिलं नाही. पेन हातात धरून ती वहिनीकडे बघत राहिली. डोळे भरलेले, पण शिष्या ती शिष्याच. म्हणाली, "मिस, मी तेव्हाच लिहिलं होतं. दमले अंद्र दम्मु. तुम्ही अर्धा मार्क कापला."

"तेव्हाची बाई वेगळी होती ग," वहिनी म्हणाली. तिनं पदरानं गोदावरीचे डोळे पुसले. "पण घे. उरलेला अर्धा तुझा."

बेंगळूरला नेलं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवला आणि झडप मोकळी केली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, पण फार नाही. झडप पहिल्यासारखी होणार नाही, पण चालेल. गोळ्या जन्माच्या. घरी आल्यावर तिनं माझी उशी मला परत दिली. पावसाळा संपता संपता ती पुन्हा शाळेत जायला लागली. मी अडवलं नाही. माझं तोंड बघून तिचा दिवस जाणार नव्हता.

एका संध्याकाळी जिन्यावर तिची पावलं वाजली. मी कान देऊन ऐकत होते. मधल्या पायरीवर थांबली नाहीत. ती वर आली, खुर्चीत बसली, पिशवी पायाशी सोडली आणि म्हणाली, "दमले ग बाई."

अण्णा पेपर वाचत होता. त्यानं तो खाली ठेवला. उठून तिच्याजवळ आला आणि ती आमच्याजवळ बसायची तसा खुर्चीशेजारी टेकला. "दम लागलाय," त्यानं विचारलं, "की दमलीस?"

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

"दम नाही हो," ती म्हणाली. "नुसती दमले." आणि रडायला लागली. दवाखान्यात रडली नव्हती, बेंगळूरला रडली नव्हती. ती तोंडावर पदर धरून कितीतरी वेळ रडली.

अण्णा गडबडला. दम असता तर गोळी ठाऊक होती, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. नुसती दमलेल्या बायकोचं काय करतात हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"चहा ठेव की," मी म्हणाले.

तो आत गेला. भांडी वाजली. मग आतून ओरडून त्यानं विचारलं, "साखर कुठं असते ग?"

वहिनी डोळे पुसत सवयीनं उठायला लागली. मी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.